नव्या गावठाणात आल्यापासून बाबांचं चालणं सुटलं

बांधीवाली (जि. भंडारा):
आमचं जुनं गाव धरणात गेलं. बाबा 64 वर्षांचे. तिथं सकाळी बोडीवर, मग पानठेल्यावर, दुपारी कोणाच्या तरी छपरीत, संध्याकाळी हनुमानाच्या देवळात. 'फिरायला जा' असं त्यांना कधी कोणी म्हटलं नाही. बोळी इतक्या अरुंद की भिंतीची सावली समोरच्या भिंतीला टेकायची. इथं रस्ते सरळ, रुंद, सिमेंटचे. पण किराणा पार सडकेवर, मधे बसायला काही नाही, अन् मे महिन्यात दहालाच सिमेंट तापते. मीठ आणायलाही भाऊ गाडी काढतो. बाबांची साखर वाढली. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. बाबा म्हणतात, "जाऊ कुठं?" त्यांना काय सांगू?

नकाशेवाला, वर्धा:
ताई, बाबांनी नेमकं बोट ठेवलं. सर्व्हेरो आणि कॉकेलमन या अभ्यासकांनी 1997 मध्ये, माणसं गाडी काढतात की पायी जातात हे ज्यावर ठरतं, अशा तीन गोष्टी मांडल्या : वस्तीची दाटी, घरं-दुकानं-कामं यांची सरमिसळ, आणि रस्त्यांची मांडणी. एकमेकांना छेदणारे सरळ रस्ते तर चालणाऱ्याचा वळसा वाचवतात. तुमच्याकडे त्या रस्त्यांच्या टोकाला काहीच नाही, अडचण ती आहे. वस्तीच्या मधे एक चक्की, एक किराणा आला तरी माणसं घराबाहेर निघतील. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हे मांडाच.

आशा कार्यकर्ती, गोंदिया:
एका दमात तासभर चालायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगते, अन् सलग 10 मिनिटांची अट 2020 मध्ये काढून टाकली. देवळापर्यंत गेले, आले, तेही धरायचं. साखर आहे, तर अनवाणी मात्र बिलकुल नको. मी घरोघरी हेच सांगत फिरते.

चांद्याचे काकाजी:
पोरी, आधी सावली. रोजगार हमीतून रस्त्याच्या कडेला झाडं लावता येतात. कडुनिंब, करंज लाव. ढोरं करंजाला सहसा तोंड लावत नाहीत, तरी काट्याचं कुंपण कर अन् पहिले तीन उन्हाळे पाणी चुकवू नको. आम्ही लावलेल्यातली निम्मी पाण्याविना गेली, अजून जीव तुटतो. झाडं मोठी होईपर्यंत छपरी टाका, खाली ओटा. म्हातारा माणूस मधे टेकायला जागा असली तरच निघतो.

बांधीवाली:
काकाजी, ओटा कुठं पाहिजे म्हणून बाबांना विचारलं. म्हणाले, देवळाच्या कोपऱ्यावर, तिथून येणारी एसटी दिसते. तोच कोपरा अर्जात लिहिते.