'कुलमुखत्यारपत्र' आणि 'अक्कलहुशारीने' : नेमका अर्थ काय?

विचारणा, सोलापूर

आमच्या अण्णांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणाले. अशोक चौकाजवळ यंत्रमाग आहेत, घर आणि विजेचं मीटर त्यांच्याच नावावर. अजून सगळं कळतं त्यांना, फक्त सुताचा हिशेब दोनदा विचारतात. काका म्हणतात, "कुलमुखत्यार करून टाक, पुढची काळजी मिटली." दस्तलेखकाने दिलेल्या मसुद्यात मी दोन शब्दांवर अडले. 'कुल' म्हणजे हे शेवटपर्यंत चालणार का? आणि 'अक्कलहुशारीने लिहून देतो' यात हुशारीचा काय संबंध?

उत्तर, जुने दस्त वाचणाऱ्याचं

हा 'कुल' घराण्याचं कुल नाही आणि कूळकायद्यातलं कूळही नाही. अरबी 'कुल्ल', म्हणजे सगळं. 'मुखत्यार'ही अरबीच, 'मुख्तार', म्हणजे निवडलेला, ज्याच्या हाती अधिकार दिला तो. एकाच कामापुरता अधिकार दिला तर ते खास मुखत्यारपत्र, सगळ्या कामांचा दिला तर कुलमुखत्यारपत्र. 'कुल' कामं किती ते सांगतो. किती काळ, ते त्या शब्दात कुठेच नाही.

'हुशारी'च्या मुळाशी फारसी 'होश' आहे, शुद्ध, भान. तापातून उठलेला माणूस "आज जरा हुशारी वाटतेय" म्हणतो ना, तीच ही हुशारी. 'अक्कल' म्हणजे समज. आपण काय लिहून देतोय ते लिहून देणाऱ्याला कळतंय आणि तो भानावर आहे, एवढं हा जोडशब्द सांगतो. माझ्या मते सगळ्या दस्तात यापेक्षा मोलाचा शब्द नाही.

उत्तर, वकील, सोलापूर

ताई, काकांचा हेतू चांगला आहे, पण कागद तसा चालत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१ : अधिकार देणारा मरण पावला किंवा मनोविकल झाला की मुखत्यारी संपते. म्हणजे अण्णांना काही उमगेनासं होईल आणि तुम्हाला खरी गरज लागेल, नेमकं तेव्हाच ते पत्र निकामी होईल. त्यानंतर त्याच पत्रावर सह्या करत राहिलात तर उद्या भाऊबंद तो व्यवहार कोर्टात नेतील. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाही.

पूर्वी १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून पालक आणि मालमत्तेचा व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. २०१७ चा कायदा आला, जुना रद्द झाला, आणि मालमत्तेची ती सोय नव्यात आलीच नाही. म्हणून घरच्यांना उच्च न्यायालयात रिट अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आपल्याला आहे. तरी आजारी माणूस घरात असताना ती धावपळ जीव काढते. ती टाळायची तर आजच, अण्णा अक्कलहुशारीत असताना, हालचाल करा.

बँकेचं खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा पद्धतीने जोडखातं करा, घरखर्च अडणार नाही. माग आणि घरासाठी खासगी विश्वस्तपत्राचा, म्हणजे ट्रस्टचा (न्यासाचा), विचार करा. १८८२ च्या न्यास कायद्याखाली मालमत्ता विश्वस्ताकडे जाते आणि अण्णांचं भान गेलं म्हणून न्यास मोडत नाही. मुद्रांक शुल्क किती ते आधी विचारून घ्या. उपचारांसाठी दोन वेगळे कागद आहेत. २०१७ च्या कायद्याखालची आगाऊ सूचना (पुढे कोणते उपचार हवेत, कोणते नकोत ते आधीच लिहून ठेवणं) आणि नामनिर्देशित प्रतिनिधी फक्त मानसिक आजाराच्या उपचारांपुरते. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालातून आलेलं वैद्यकीय इच्छापत्र. २०२३ पासून ते दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं.

उत्तर, निवृत्त बँक कर्मचारी

लोक "खात्याला वारस लावलाय" म्हणतात आणि निर्धास्त होतात. तो वारस नसतो, नामनिर्देशित असतो, आणि खातेदार जिवंत असेपर्यंत त्याला एक पैसाही काढता येत नाही. आणखी एक, घाईत बक्षीसपत्र करू नका. केलंच तर 'मुलांनी सांभाळ करावा' ही अट दस्तातच लिहा. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा जो आधार आहे, तो तिच्यावर उभा राहतो.

विचारणारी

अण्णांना हे सगळं सांगायचं कसं? घरात कुणी 'म्हातारचळ' म्हटलं तरी त्यांचा चेहरा पडतो.

उत्तर, वकील

तो शब्द घरात वापरूच नका. 'मनोविकल' हा कागदावरचा शब्द, तोही जेवणाच्या ताटावर नको. त्यांना विचारा, "अण्णा, पुढे माग कुणी बघायचे?" आणि ते म्हणतील तेच लिहून घ्या, तुमच्या मनातलं नको. मृत्युपत्र करायचं असेल तर निदान झालंय म्हणून अडत नाही, त्या क्षणी समज हवी. ज्या दिवशी सही त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घ्या. डॉक्टर स्वतः दोन साक्षीदारांपैकी एक झाले तर उत्तमच. सकाळची वेळ घ्या, दुपारी थकवा आला की अशा रुग्णांचा गोंधळ बऱ्याचदा वाढतो. मसुदा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि घरात तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत समजावून सांगा. तसं समजावल्याचं दस्तात एका ओळीत नोंदवायला दस्तलेखकाला सांगा.