कार्यक्रमांच्या यादीत ग्रामसभाही हवी

ताई, नवरात्र, भोंडला, कोजागरी, किल्ले स्पर्धा अशी गावची यादी तुम्ही दिलीत, फार बरं झालं. त्यात २ ऑक्टोबरची ग्रामसभाही घालाच. तिच्याआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे, पण आमच्या मुळशीकडे कितीतरी बायकांपर्यंत ते पोचतच नाही. फळ्यावरची नोटीस रानातून थकून आलेली बाई कधी वाचणार? गणपतीच्या आरतीला साऱ्या जमतात, तिथेच तारीख सांगा.

किल्ल्यांचं बक्षीस पाडव्याला ठेवा, पुण्यात कामाला असलेली पोरंही तेव्हा घरी असतात. कोजागरीचं दूध मात्र लवकर आटोपा. भातकापणी तोंडावर असते आणि हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताची तर सुरूही झालेली असते. पहाटे उठून शेतावर जायचं असतं सगळ्यांना.