मदत हवी आहे: जुन्या तुर्कमेन गालिच्याचा रंग धुताना उतरला. ठेवू, दुरुस्त करू की बदलून घेऊ?

नमस्कार मंडळी,

काका 1973 ते 1976 काबूलला नोकरीला होते. येताना तिथल्या चिकन स्ट्रीटवरून दोन गालिचे घेऊन आले. मोठा चुलतभावाकडे गेला. छोटा काकूंच्या शिवणयंत्राखाली चाळीसेक वर्षं पडून होता. दिवाळीत काकू म्हणाल्या, "हवा तर ने बाबा, नाहीतर बोहारणीला देणार होते." नेला, आणि तेव्हापासून मला या प्रकाराची लागणच झाली आहे.

वर्णन देतो. रुंदी 118 सेंमी, उंची 74. जमीन तपकिरीकडे झुकणारी लाल. त्यावर तीनाच्या तीन ओळींत नऊ गुलं (ही अष्टकोनी नक्षी). खाली वीतभर पट्टा, त्यात एकसारखी छोटी झुडपं. तळाला बारीक पांढरी किनार. एका इंचात आडव्या 9 आणि उभ्या 17 गाठी मोजल्या, म्हणजे चौरस इंचाला 153. वाचून कळलं की हा जमिनीवर अंथरायचा गालिचा नव्हेच. हे 'चुवल', म्हणजे मध्य आशियातल्या भटक्या तुर्कमेन टोळ्यांच्या तंबूत कपडे, भांडी ठेवायच्या मोठ्या पिशवीची पुढची बाजू. मागचं साधं विणलेलं कापड कुणीतरी केव्हाच कापून टाकलंय.

आता मूर्खपणा सांगतो. धूळ खूप होती म्हणून ड्रायक्लीनिंगवाल्याकडे टाकला. "गालिचा आहे, जपून" असं दोनदा बजावलं. त्याने काय केलं देव जाणे, पण परत आला तेव्हा झुडपांमधला गुलाबी रंग खालच्या पांढऱ्या किनारीत तीन बोटं पसरला होता.

हे एका गालिचेविक्रेत्याला दाखवलं. तो म्हणाला, "कच्चा रंग, म्हणजे नवा माल. हा द्या, वर साठ हजार द्या आणि दीडशे वर्षांचा रॉयल बुखारा घेऊन जा." त्याचा तुकडा दिसायला झकास आहे. रेशमासारखी चमक, एक केस इकडचा तिकडे नाही.

जाणकारांनी सांगावं: माझा खरंच नवा आहे का? डाग निघेल का? आणि हा बोहारणीचा सौदा करू का?

उभाआडवा: सौदा थांबवा. आधी सांगा, लाल आणि निळा पसरला का, की फक्त गुलाबी?

मी: फक्त गुलाबी. लाल आणि निळा जागच्या जागी आहेत.

उभाआडवा: मग विक्रेत्याचं अर्धंच खरं. तुर्कमेन बायका लाल रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांपासून काढत आणि निळा निळीपासून. नीट रंगवलेली अशी लोकर साध्या धुण्याने सहसा पळत नाही. पळतात ते सुरुवातीचे रासायनिक रंग. पहिला रासायनिक रंग युरोपात 1856 साली निघाला. तुर्कमेनांच्या वाळवंटात हे रंग जोमाने शिरले ते रशियन आल्यावर. 1881 मध्ये गोक तेपेचा किल्ला पडला, तेक्के या तुर्कमेन टोळीचं कंबरडं मोडलं. 1888 पर्यंत कास्पियनकडून आलेली रेल्वे समरकंदला पोचली. तिच्यातून गिऱ्हाईक आलं, रंगाच्या पुड्याही आल्या. गुलाबी, नारिंगी असे चटकदार रंग बायकांनी हौसेने थोडे थोडे वापरले, बाकी सगळं जुन्या पद्धतीनेच. तेव्हा एक रंग पळाला म्हणून 1970 चा माल होत नाही. साधारण 1880 च्या आधीचा नसावा, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

आता दोन गोष्टी करा. कडेचा एक सुटा उभा धागा कापून जाळून बघा. आणि गाठींच्या आडव्या ओळीवर गालिचा दुमडून लवेच्या (वरच्या उभ्या केसांच्या) मुळाशी बघा: प्रत्येक गाठीला दोन धाग्यांवर आडवी पट्टी दिसते का?

मी: धागा जाळला. केस जळल्यासारखा वास, काळी गोळी, चिमटीत चुरली. ताणा (हे उभे धागे) करडा आणि जरा राठ आहे. गाठीला आडवी पट्टी दिसते. भिंगाखाली अगदी स्पष्ट, जणू प्रत्येक गाठीने कमरेला पट्टा बांधलाय.

उभाआडवा: छान. ही सममित गाठ, म्हणजे दोन्ही उभ्या धाग्यांना सारखाच वेढा. तेक्के आणि सालोर बहुधा असममित गाठ मारतात, योमुत आणि सारिक सममित. या सगळ्या तुर्कमेन टोळ्याच. तपकिरी झाक, राठ ताणा (बकरीचे केस मिसळले असावेत) आणि खालच्या पट्ट्यातली झुडपं धरून मी योमुत म्हणेन. फोटोशिवाय पैज लावणार नाही. अवांतर: तुर्कमेनिस्तानच्या 1992 च्या झेंड्यावर काठीकडच्या लाल पट्ट्यात पाच टोळ्यांची गुलं आहेत, एकाखाली एक. योमुतही त्यात आहेत. झेंड्यावर गालिचा असलेला दुसरा देश मला माहीत नाही.

शनिवारपेठी: 'बुखारा' ही टोळी नव्हे हो! बुखारा शहराच्या बाजारात हा माल विकला जायचा म्हणून व्यापाऱ्यांनी दिलेलं नाव. 'रॉयल' हे त्याला लावलेलं अत्तर. फाळणीनंतर लाहोर-कराचीकडे याच नक्षीचे गालिचे ढिगाने विणले गेले. मऊ लोकर, सुती ताणा, वर रसायनाची धुलाई म्हणून ती चमक. घरात घालायला उत्तम, पण दीडशे वर्षं? विक्रेत्याच्या तुकड्याची झालर बघा: झालर म्हणजे ताण्याचीच टोकं, सुती निघाली तर समजा. आणि पांढरं सुती फडकं थंड पाण्यात भिजवून, पिळून, त्याच्या एकेका रंगावर पाच मिनिटं दाबून धरा, फडक्याला रंग लागतो का बघा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

परदेशस्थ भाचा: मी जर्मनीत आहे. इथे तुर्कमेन पिशव्यांचे संग्राहक खूप. येताना बॅगेत घेऊन या, लिलावात टाकू.

शनिवारपेठी: असं काही करू नका. आपल्याकडे 1972 चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती मुळात कुठली का असेना. आणि वय शंभराच्या आत असेल तर ती पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेऊनच बाहेर न्यावी.

माजघर: डागाच्या आधी कसरीचं बघा. चाळीस वर्षं यंत्राखाली अंधारात म्हणजे अळ्यांना मेजवानी. मागून लव झडलेल्या वाटा दिसतात का? डांबरगोळ्यांवर भिस्त ठेवू नका. प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे 18-20 वर दोन आठवडे ठेवा. मी ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे ठेवला होता. तो आधी हसला, मग त्याने आजीची शाल आणून दिली. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडायचं नाही, नाहीतर दव धरतं. नंतर घडी घालू नका. लव बाहेरच्या बाजूला ठेवून नळीवर गुंडाळा, वर जुनी मलमल.

डागाचं म्हणाल तर घरी लिंबू, सोडा, व्हिनेगर काहीही नको. गुलाबी जाईल की नाही ठाऊक नाही, पांढरी लोकर मात्र नक्की जाईल.

मी: सर्वांचे आभार. शनिवारी दुकानात फडकं खिशात घेऊन गेलो. "असं पाणी लावायला मी देत नाही," म्हणाला. झालर मात्र हातात घेतली. सुती. एक दोरा मागितला तर तोही दिला नाही. साठ हजार वाचले.

चुवलवर मागून दोन ठिकाणी कसरीच्या वाटा सापडल्या. फ्रीझरची सोय झाली आहे. चुलतभावालाही मोठ्या गालिच्याची झालर बघायला सांगितली. तो दोन दिवस फोन उचलत नाहीये.

काकूंना फोन करून सांगितलं की तुमच्या यंत्राखाली कुण्या बाईचं कपड्यांचं कपाट होतं. त्या म्हणाल्या, "मग तिने माझ्यापेक्षा बरं वापरलं असेल." डाग तसाच ठेवायचं ठरवलं आहे.

एक प्रश्न उरला. उजवीकडची कड उसवायला लागली आहे. नवीन गाठी भरायच्या नाहीत, फक्त आहे ते सुटू नये एवढं टाचून हवंय. पुणे-नाशिक भागात लोकरीवर हाताने काम करणारा, घाई न करणारा रफूगर कुणाला माहीत आहे का? व्यनि (खासगी निरोप) केला तरी चालेल.