हर्नियाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात काटेरी धागा नकोच!

पारिजात
माझ्या मोठ्या भावाचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. दुसऱ्या दिवशी घरी आला, हिंडूफिरू लागला. सहाव्या दिवशी पहाटे पोटात कळा सुरू झाल्या, मग हिरव्या उलट्या. पोट टम्म, गॅससुद्धा सरेना. फोन केला तर उत्तर मिळालं, "ऑपरेशननंतर गॅस धरतोच, थांबा." दिवसभर थांबलो. रात्री सीटी स्कॅन केला तेव्हा कळलं, लहान आतडं अडकलंय.

परत दुर्बीण घातली. हर्नियाच्या जागी बसवलेल्या जाळीवर पोटाचं अस्तर ज्या बार्ब्ड, म्हणजे काटेरी धाग्याने शिवलं होतं, त्याचं जेमतेम दोन सेंटिमीटरचं टोक बाहेर राहिलं होतं. त्याचे काटे आतड्याच्या पडद्यात रुतले होते आणि तिथेच आतड्याला पीळ बसला होता. टोक कापलं, पीळ सोडवला, निळं पडलेलं आतडं हळूहळू गुलाबी झालं. आतडं कापावं लागलं नाही, हे आमचं नशीब.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. आतडी सतत हलत असतात, त्यांच्या शेजारी काटे ठेवायचेच कशाला? साधा धागा आणि गाठ यावर काम भागत होतंच की.

सुईदोरा
ताई, भावाने फार सोसलं. पण मी स्वतः ही ऑपरेशनं करतो आणि तुमचं मत मला पटत नाही. टॅप पद्धतीत आम्ही पोटातून जाऊन अस्तर उघडतो, त्यामागे जाळी बसवतो आणि अस्तर पुन्हा मिटवतो. ते नीट मिटलं नाही तर आतडं त्या फटीत शिरतं किंवा उघड्या जाळीला चिकटतं, म्हणजे पुन्हा आतडं अडकणंच. दुर्बिणीतून घट्ट गाठ मारणं सोपं नाही. सैल पडली की सगळी शिवण उसवते. या बार्ब्ड धाग्याचे काटे एकाच दिशेला असतात, त्यामुळे ओढलेला धागा मागे सरकत नाही आणि ताण सगळीकडे सारखा राहतो. टॅकरने, म्हणजे बारीक खिळे मारणाऱ्या उपकरणाने, अस्तर ठोकलं तर नस सापडून दुखणं मागे लागू शकतं.

दोष राहिलेल्या टोकाचा आहे. शेवटी एकदोन टाके उलट दिशेने घ्यावेत आणि टोक अगदी लगत कापावं. आतड्याकडे काही लोंबताच कामा नये.

चैत्रपालवी
मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर आहे. हा धागा पाकिटातून काढला की हातमोज्याला धरतो, गॉझला धरतो. एकदा गॉझ सोडवताना तिचे तंतूच निघून आले. तो आतड्याला धरला याचं मला नवल वाटत नाही. आणि सर, फक्त टोकच कशाला? टाके लांब लांब पडले की दोन टाक्यांमधला धागा उघडाच राहतो, त्यालाही काटे असतातच. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसचा दाब कमी केला की अस्तर सैल होऊन सहज जुळतं, पण शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांना घाई झालेली असते.

रानवाट
पण तो धागा विरघळणारा असतो ना?

चैत्रपालवी
विरघळतो, पण त्याला महिने लागतात. पारिजात यांच्या भावाला त्रास सहाव्या दिवशी झाला.

रानवाट
मग दुर्बिणीचीच दुसरी, टेप (TEP) पद्धत बरी, त्यात पोटाच्या पोकळीत शिरावंच लागत नाही.

सुईदोरा
टेपमध्येही अस्तर फाटू शकतं आणि मोठं फाटलं तर शिवावं लागतं. सिस्टरांचा उघड्या धाग्याचा मुद्दा मात्र मान्य आहे, मी टाके जवळ जवळच घेतो. गर्भाशयाच्या गाठी काढल्यावरही हाच धागा वापरतात आणि तिथेही आतडं अडकल्याचे प्रसंग नोंदले गेले आहेत. म्हणून बंदी घालायची तर कुठे कुठे घालणार?

पारिजात
सर, तुम्ही टोक लगत कापत असाल, पण भावाच्या सर्जनने कापलं नाही. थोडी चूक झाली तर साधा धागा आतडं असं धरून ठेवत नाही, हा धरतो, म्हणून माझं मत बदललेलं नाही. वापरायचाच असेल तर डिस्चार्ज कार्डावर धाग्याचं नाव लिहा. आणि कळा, उलट्या, पोटफुगी दिसली तर फोनवर न थांबवता लगेच बोलावून घ्या. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर माणूस रोज थोडा बरा व्हायला हवा, आमचा दिवसागणिक नव्हे, तासागणिक बिघडत होता. दुसऱ्या वेळी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आत कोणता धागा आहे हेच माहीत नव्हतं. पहिल्या कार्डावर "पेरिटोनियम (पोटाचं अस्तर) बंद केलं" एवढीच नोंद आहे.