कच्च्या कैद्याला मतदान करता येतं का?

गावकडचा_बाळ्या: मावसभाऊ दहा महिन्यांपासून आत आहे, चार्जशीट झालीये पण खटला सुरूच नाही, नुसत्या तारखा पडतायत. आणि परवा त्याच्या नावाची मतदानाची चिठ्ठी घरी आली! मावशी ती घेऊन माझ्याकडे, म्हणे जेलात मशीन आणतात का रे, का पोस्टाने पाठवायचं? शिक्षा झालेली नाही म्हणजे हक्क शाबूत असणार ना?

कोर्टाची_पायरी: नाही हो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२(५). शिक्षा झालेला असो नाहीतर कच्चा, तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असेल तर मत नाही. १९९७ ला सुप्रीम कोर्टानेही हे कलम उचलून धरलं, बंदोबस्ताला माणसं कुठून आणायची हेही एक कारण दिलं होतं. यादीतलं नाव मात्र कायम राहतं म्हणून चिठ्ठी आली. मतदानाआधी जामीन झाला तर खुशाल जाऊन बटण दाबू दे.

चहाबाज: आणि गंमत अशी की शिक्षा झालेला पण अपिलात जामिनावर सुटलेला माणूस मत देऊ शकतो, आणि ज्याचा गुन्हा शाबीतच नाही तो बिचारा आत बसणार. एमपीडीए म्हणजे पुढचा गुन्हा टाळायला गुंडांना आधीच आत ठेवणारा राज्याचा कायदा, त्याखाली स्थानबद्ध असेल तर पोस्टाने मत चालतं, कारण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला त्याच कलमात सूट आहे. २०२२ ला तुरुंगात असलेले अनिल देशमुख आणि नवाब मलिक आमदार असून राज्यसभेला मत देऊ शकले नाहीत, हायकोर्टात जाऊनही. उभं राहायला मात्र आडकाठी नाही, २०२४ ला काश्मीरचे नेते इंजिनिअर रशीद तिहार जेलमधून बारामुल्लाला निवडून आले की. खासदार व्हा पण मत देऊ नका 😄

गावकडचा_बाळ्या: कमाल आहे. मावशीला सांगितलं तर म्हणाली मग चिठ्ठी पाठवतात कशाला मेले. बरं अजून एक, मामा मनोरुग्णालयात आहेत त्यांचंही असंच का?

कोर्टाची_पायरी: नाही, ते वेगळं. नुसतं भरती आहेत म्हणून नाव कापता येत नाही, कोर्टाने मनोविकल ठरवलं असेल तरच. फक्त हॉस्पिटलचा पत्ता साधारणपणे राहण्याचा पत्ता धरत नाहीत, नाव घरच्याच यादीत असणार. त्या दिवशी डॉक्टर बाहेर सोडतायत का ते आत्ताच विचारून ठेवा, आदल्या दिवशी गेलात तर कुणी दाद देणार नाही.