अनुभव धागा : पाळकांच्या घरातला विश्वास

सलाम सगळ्यांना. मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, हे आपल्याकडे संडे स्कूलच्या मुलांनाही ठाऊक असतं. त्यांच्या पत्नी एलायझा यांच्याबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. त्यांचा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला. परमुलखात लेकरं वाढवताना त्या माऊलीनं देवाजवळ काय मागितलं असेल, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. म्हणून हा धागा. पाळकांच्या घरातल्यांनी आणि त्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही लिहा. सुरुवात मी करते.

माझे यजमान चर्चचे पाळक. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुणी वारलं की हे कबर, पेटी, भक्ती यांच्या मागे असतात. मी घरच्या बायकांजवळ जाऊन बसते. त्या वेळी वचन सांगायला मला जमत नाही, आणि सांगूही नये असं माझं मत आहे. पिठलं-भात करून नेते, कारण त्या घरात चूल पेटलेली नसते.

बायबलमधल्या मार्था आणि मरीया या बहिणींवर उपदेश झाला की स्वयंपाकघरातल्या बायकांच्या माना खाली जातात. लूकच्या दहाव्या अध्यायात मरीया येशूचं ऐकत बसली आणि मार्था कामानं त्रासली, एवढंच सगळे लक्षात ठेवतात. पण योहानाचा अकरावा अध्याय उघडा. भाऊ लाजर गेलाय, मरीया घरात बसून आहे आणि येशूला सामोरी जाते ती मार्था. 'आपण असता तर माझा भाऊ मेला नसता' असं तोंडावर बोलते, आणि तुम्हीच ख्रिस्त आहात, देवाचे पुत्र आहात, ही कबुलीही तीच देते. तक्रार आणि विश्वास एकाच तोंडातून, काही वाक्यांच्या अंतरानं! मला तिचा फार आधार आहे. महिला मंडळात मी हा अध्याय पुन्हापुन्हा वाचायला लावते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर. शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात दूध मिळेना. आमच्याकडे पूरग्रस्त कुटुंबं राहायला होती आणि पिठाचा डबा तळाला गेलेला. बायबलमधल्या सारफथच्या विधवेची गोष्ट, जिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही, ती मुलांना शिकवणं वेगळं, तशा डब्यात हात घालणं वेगळं. मी प्रार्थना केली ती रागानंच. संध्याकाळी जवळच्या तालमीची पोरं तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आली. 'काकू, कुठं ठेवू?' एवढंच विचारलं. देवानं ऐकलं, असं मी आजही म्हणते.

—

गडहिंग्लज भागात आमची बरीच सेवा झाली, आता हे निवृत्त आहेत. बदली आली की लावलेली झाडं मागं ठेवून निघायचं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आठवण सांगते ती हंगामाच्या सणाची. उपासनेनंतर लिलाव असायचा: गुळाच्या ढेपी, ऊस, कोंबड्या. एका विधवा आजीनं शेवग्याच्या शेंगांची जुडी आणली होती. मंडळीनं बोली चढवत नेली आणि ती जुडी ढेपेपेक्षा महाग गेली. तिचं दान इतर कुणाच्याही दानापेक्षा कमी दिसू नये, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आजी ताठ मानेनं घरी गेली.

—

मी पाळकांची मुलगी. 'पाळकांची मुलगी असून?' हे लहानपणापासून ऐकलं: केस कापले तरी, नापास झाले तरी. कॉलेजात असताना मी उपासनेला जाणंच सोडलं. आईला मंडळीतले लोक विचारायचे, ती म्हणायची, 'ती देवाशी बोलतेय, वेळ लागेल.' मला तिनं कधी ओढून नेलं नाही. माझे प्रश्न अजून आहेत. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला मात्र बसते, आणि आई माझं नाव घेते तेव्हा मला बरं वाटतं.

—

मी पाळकबाई, म्हणजे पाळकांची बायको, नाही; मंडळीतली नर्स आहे. आमच्या पाळकबाई सगळ्यांच्या प्रार्थनेच्या विनंत्या वहीत लिहून घेतात. एकदा मी विचारलं, 'बाई, तुमच्यासाठी काय मागू?' त्या गप्प झाल्या, मग रडल्या. त्यांच्या आईचं आजारपण चाललं होतं, आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता. आता बुधवारच्या प्रार्थनेत पहिली विनंती बाईंची असते. मंडळींनो, तुमच्याकडेही विचारा.

—

लग्न होऊन कोल्हापुरात नवीन आले आहे, बाळ लहान आहे. सगळे म्हणतात, आता महिला मंडळ तुम्ही चालवा. बाळ रडलं की मला सुचत नाही. तुम्ही कसं केलंत?

—

(धागा काढणारीच लिहितेय) ताई, चालवायची घाई करू नकोस. बुधवारी बाळाला घेऊनच ये. चहाचं आम्ही बघू, बाळाला कुणीतरी घेईल. तू फक्त शास्त्रपाठ वाच. योहान, अकरावा अध्याय.