जुन्या व्हिडिओ गेमसाठी सीआरटी : टीव्ही घ्यावा की संगणकाचा मॉनिटर, आणि केबल कोणती?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पॅल पद्धतीची (भारतात आणि युरोपात चालणाऱ्या टीव्ही-पद्धतीची) प्लेस्टेशन २ आहे, मावसभावाने दिलेली मेगा ड्राइव्ह (सेगाचे जुने गेम-यंत्र) आहे आणि डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरचे जुने गेम चालणारा एक संगणक आहे. आजवर ही यंत्रे मी घरातल्या सपाट एलईडी टीव्हीला पिवळ्या पिनेच्या केबलने जोडत आलो. चित्र पुसट दिसते, आणि त्याहून खटकणारी गोष्ट अशी की बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते. लहानपणी जे गेम डोळे मिटून पार करायचो ते आता पहिल्याच खड्ड्यात संपतात. म्हणून सीआरटी, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबचा जुना जाड संच, घ्यायचा निश्चय केला आहे.

तीन पर्याय समोर आहेत. माझे काका तारवटी होते. त्यांनी जहाजावरून परतताना आणलेला २१ इंची मल्टिसिस्टम (एकाहून अधिक टीव्ही-पद्धती ओळखणारा) सोनी ट्रिनिट्रॉन टीव्ही वास्कोच्या घरी बंद खोलीत पडून आहे. म्हापशाच्या एका भंगारवाल्याकडे १७ इंची संगणकाचा मॉनिटर आहे आणि तो त्याला वजनाच्या भावात द्यायला तयार आहे. शिवाय पणजीत एक कुटुंब आपला २९ इंची, १०० हर्ट्झचा मोठा टीव्ही नेणाऱ्याला फुकट देत आहे. घरात जागा एकाच संचापुरती आहे. यांतला कोणता निवडावा, उचलण्यापूर्वी अर्ध्या तासात त्याची काय परीक्षा घ्यावी, आणि केबल कोणती आणावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पहिला प्रतिसाद (मडगाव)

मी अनेक वर्षे टीव्हीदुरुस्तीचे काम केले आहे, त्यामुळे निवडीपासून सुरुवात करतो. सीआरटीमध्ये किरण दर सेकंदाला किती आडव्या रेघा काढतो, त्यावर सगळे अवलंबून असते. आपल्याकडच्या पॅल टीव्हीत ६२५ रेघांचे चित्र सेकंदाला २५ वेळा पूर्ण होते, म्हणजे १५,६२५ रेघा. अमेरिकी आणि जपानी एनटीएससीत हा आकडा सुमारे १५,७३४ येतो. मेगा ड्राइव्ह आणि प्लेस्टेशन ही यंत्रे याच मापाला धरून बनवलेली आहेत. संगणकाचा व्हीजीए मॉनिटर मात्र साधारण ३१,५०० रेघांपासून पुढे काम करतो. त्याला १५ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ हजार रेघांचा, संकेत दिला, तर नवा मॉनिटर संदेश दाखवून पडदा काळा ठेवतो आणि जुना फाटलेले चित्र दाखवत कुंई करत राहतो. तसा तो फार वेळ चालू ठेवू नये, कारण रेघा काढणाऱ्या भागावर ताण येतो. मधे एखादा स्वस्त रूपांतरक डबा लावून हे काम भागते असे दुकानदार सांगतात. पण असे बरेच डबे एकेक चित्र साठवून मग पुढे पाठवतात, म्हणजे ज्या उशिराला आपण कंटाळला आहात तोच उशीर पुन्हा घरात येतो.

तरीही तो मॉनिटर निरुपयोगी आहे असे समजू नका. डॉसचे ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे गेम व्हीजीए कार्ड प्रत्येक रेघ दोनदा काढून ७० हर्ट्झने देते, आणि ते अशा मॉनिटरवर जितके सुरेख दिसतात तितके टीव्हीवर दिसत नाहीत. आपल्याकडे फक्त डॉसचा संगणक असता, तर मी तोच घ्या म्हणालो असतो.

२९ इंची १०० हर्ट्झचा संच फुकट असला तरी नको. असे संच येणारे चित्र आतल्या स्मृतीत घेऊन दुप्पट वेगाने दाखवतात. चित्राची लुकलुक कमी होते, पण उशीर येतो, आणि प्रकाश-बंदुकीचे जुने गेम त्यावर चालतच नाहीत, कारण बंदूक किरणाच्या मूळ वेळेवर विसंबून असते. शिवाय एवढा संच उचलायला दोघेतिघे लागतात.

म्हणजे उरला काकांचा ट्रिनिट्रॉन, आणि माझ्या मते तोच पहिल्यापासून योग्य होता. तारवटी आणि आखाती देशांतून परतलेले लोक जे मल्टिसिस्टम संच गोव्यात घेऊन आले, त्यांचा आज मोठा उपयोग आहे, कारण ते पॅलबरोबर एनटीएससीही ओळखतात. फक्त पॅल जाणणाऱ्या संचावर पिवळ्या केबलने परदेशी ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवणारा; पॅलमध्ये हे ५० वेळा होते) गेम लावला, की बहुधा चित्र कृष्णधवल येते, कारण दोन्ही पद्धतींत रंगाचा वाहक वेगळा आहे : पॅलमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झ आणि एनटीएससीत ३.५८. ६० हर्ट्झचा आग्रह का, तर ५० हर्ट्झसाठी नीट न जुळवलेला गेम सुमारे सहाव्या हिश्श्याने संथ चालतो आणि वरखाली काळ्या पट्ट्या येतात. एकदा मूळ वेगाने खेळलेला माणूस पुन्हा संथ गेमकडे वळत नाही.

आता परीक्षा. संच थंड असताना स्वतः चालू करा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवला असेल, तर निम्मी परीक्षा तिथेच हुकते. चित्र यायला फार वेळ लागला, ते मंद आले आणि पांढरी अक्षरे मेणासारखी ओघळलेली दिसली, तर पिक्चर ट्यूब थकलेली आहे. अशी ट्यूब खपवण्याची एक जुनी युक्ती मी पुष्कळदा पाहिली आहे. एलओटीवरचा (ट्यूबला उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) स्क्रीनचा खटका फिरवून उजेड वाढवतात. ते ओळखायचे असे : काळा पडदा दाखवला की तो राखाडी दिसतो आणि त्यावर बारीक तिरक्या पांढऱ्या रेघा उमटतात. अशा संचाच्या वाटेला जाऊ नका, कारण ट्यूबचे आयुष्य खटक्याने परत येत नाही.

त्यानंतर पूर्ण लाल पडदा दाखवा. कोपऱ्यात जांभळे किंवा हिरवट डाग दिसले, तर बहुधा चुंबकत्वाचा परिणाम असतो. संच चालू होताना जो घुमल्यासारखा आवाज येतो तो आतल्या डीगॉस (चुंबकत्व घालवणाऱ्या) वेटोळ्याचा; त्याला थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून संच अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू केल्यासच त्याचे काम पुन्हा होते. त्याआधी शेजारचे स्पीकर दूर करा. दोनतीन वेळा करूनही डाग तसाच राहिला, तर आत काहीतरी हलले आहे असे समजा. मग आडव्याउभ्या रेघांची जाळी दाखवून कडांना लाल-निळी किनार किती फुटते ते पाहा. कोपऱ्यांत थोडी किनार सगळ्याच संचांना असते, मध्यभागी असू नये. शेवटी पांढरा आणि काळा पडदा आलटून पालटून दाखवा. चित्राचा आकार श्वास घेतल्यासारखा वाढत-आटत असेल, तर उच्चदाबाचा भाग अशक्त झाला आहे.

या चाचण्यांसाठी महागडे यंत्र लागत नाही. पूर्ण लाल, पांढरा, काळा आणि जाळीचा अशी चित्रे घालून घरीच एक डीव्हीडी तयार करा. प्लेस्टेशन २ ती चालवते. मेगा ड्राइव्हसाठी मेमरी कार्डचे कार्ट्रिज असेल, तर २४०पी टेस्ट सूट नावाचा मोफत कार्यक्रम मिळतो, तो याहून उत्तम.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. मागचे झाकण उघडू नका. ट्यूबवर सुमारे २५ हजार व्होल्ट असतात, आणि पिन काढल्यानंतरही भार बराच काळ टिकून राहू शकतो.

दुसरा प्रतिसाद (म्हापसा)

वरील निवडीशी मी पूर्ण सहमत आहे. केबलबद्दल माझा अनुभव लिहितो.

पिवळ्या पिनेत उजेड आणि रंग एकाच तारेतून जातात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. कडांवर सरपटणारे ठिपके येतात ते यामुळेच. एस-व्हिडिओत उजेड एका तारेत आणि रंग दुसऱ्या तारेत असतो. काँपोनंटमध्ये हिरव्या पिनेतून उजेड आणि सिंक (रेघा व चित्र कधी सुरू करायचे ते सांगणारा संकेत) जातात, तर निळ्या आणि लाल पिनेतून रंगाचे दोन फरक. युरोपात यासाठी स्कार्ट सॉकेट आणि आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून) चालत असे. आपल्याकडच्या टीव्हींना ते सहसा नसते, पण २००० नंतरच्या बऱ्याच संचांच्या पाठीमागे डीव्हीडी असे लिहिलेले हिरवे, निळे आणि लाल जॅक असतात. काकांच्या संचाला ते आहेत का, हे आधी पाहा. असतील, तर प्लेस्टेशन २ साठी काँपोनंट केबल घ्या आणि दुसरा विचार करू नका. रंगाचा वाहकच नसल्यामुळे कृष्णधवल चित्राचा प्रश्न उरत नाही, आणि पहिल्या प्लेस्टेशनचे गेमही त्याच तारेतून त्यांच्या मूळ २४०पी (२४० रेघांच्या) रूपात येतात.

यात एक अडथळा आहे. केबल बदलण्यापूर्वी, पिवळी पिन जोडलेली असतानाच यंत्राच्या मुख्य मेनूत जाऊन आरजीबीऐवजी काँपोनंट निवडा, नाहीतर नवी केबल जोडल्यावर चित्र बिघडलेले येते आणि केबल खराब आहे असा समज होतो. मी स्वतः एक चांगली केबल अशी दुकानदाराला परत केली होती.

मेगा ड्राइव्ह आरजीबी देते, काँपोनंट देत नाही. दोन्हींच्या पिनांचे रंग सारखे दिसले, तरी संकेत वेगळे आहेत. थेट जोडल्यास रंग चुकीचे येतात. मधे आरजीबीचे काँपोनंट करणारा अ‍ॅनालॉग डबा लागतो. तो चित्र साठवत नाही, त्यामुळे उशीर होत नाही. पण मी तो लगेच घ्या असे म्हणणार नाही. १९९१ च्या सोनिकमधले धबधबे उभ्या पट्ट्यांनी काढलेले आहेत. पिवळ्या केबलवर त्या पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसते आणि आरजीबीवर नुसत्या पट्ट्या दिसतात. काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पिवळी केबलच होती, असे माझे ठाम मत आहे. काही महिने तशीच खेळून पाहा.

केबल विकत घेताना मल्टिमीटर सोबत न्या. एका टोकाच्या मधल्या पिनेपासून दुसऱ्या टोकाच्या मधल्या पिनेपर्यंत रोध जवळजवळ शून्य यावा, आणि मधली पिन व बाहेरचे कडे यांच्यात जोड मुळीच असू नये. मापताना केबल टोकाशी हळूच वाकवत राहा. आकडा उड्या मारू लागला, तर डाख सुटलेला आहे. व्हिडिओची केबल ७५ ओहमची असावी, पण दीड मीटरच्या अंतरात तेवढ्यावरून फार फरक पडत नाही. जाळीचे आवरण मात्र हवेच. ते नसले, तर पडद्यावर पांढरे चित्र आले की स्पीकरमध्ये गुणगुण ऐकू येते, आणि ही गुणगुण केबल विकत घेतल्यानंतरच लक्षात येते.

तिसरा प्रतिसाद (डिचोली)

किनाऱ्यालगतच्या घरात संच वर्षानुवर्षे बंद होता, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी जॅकवर कळकलेल्या पितळेसारखा हिरवट थर येतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसल्याशिवाय कोणत्याही केबलची परीक्षा करू नये. संच पावसात तडकाफडकी चालू करू नका. कोरड्या, हवेशीर खोलीत काही दिवस ठेवा, जांभ्या दगडाच्या ओल्या भिंतीपासून दूर. चालू केल्यावर चरचर ऐकू आली किंवा ओझोनचा उग्र वास आला, तर लगेच बंद करून तंत्रज्ञाला दाखवा. आणताना गाडीच्या मागच्या आसनावर गोधडी पसरून पडदा खाली करून ठेवा, कारण वजन सगळे काचेत असते आणि मागची मान नाजूक असते.

प्रश्नकर्ता (फोंडा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रविवारी वास्कोला जाऊन संच आणला. डीव्हीडीचे जॅक आहेत; ते हिरवटलेले होते, दोनदा पुसावे लागले. पहिल्यांदा चालू केल्यावर उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग होता. शेजारच्या टेबलावरचा मोठा स्पीकर हलवून अर्ध्या तासाने पुन्हा चालू केल्यावर तो गेला. काळा पडदा खरोखर काळा आहे, तिरक्या रेघा नाहीत. काँपोनंट केबलने प्लेस्टेशनचे चित्र असे आले की मी काही वेळ गेम सुरूच केला नाही, मेनूच पाहत बसलो. आणि उडी वेळेवर लागते.

एकच शंका उरली आहे. पांढऱ्या पडद्यावर, साधारण खालच्या तिसऱ्या भागात, डावीकडून उजवीकडे केसासारखी बारीक करडी रेघ दिसते. ट्यूबला तडा गेला असेल का?

पहिला प्रतिसादक (मडगाव)

तडा नाही, निश्चिंत राहा. ट्रिनिट्रॉनमध्ये पडद्यामागे छिद्रांच्या पत्र्याऐवजी उभ्या ताणलेल्या बारीक पट्ट्या असतात, आणि त्या थरथरू नयेत म्हणून एक किंवा दोन आडव्या तारा ताणलेल्या असतात. आपण पाहता ती त्या तारेची सावली आहे. खात्री करायची असेल, तर केबल बदला, गेम बदला. रेघ जागची हलणार नाही. पांढऱ्या पडद्यावर पेटीला बाजूने बोटाने अलगद टिचकी मारली, तर चित्र क्षणभर पाण्यासारखे थरथरून पुन्हा स्थिर होईल, तेही त्या पट्ट्यांमुळेच. मात्र टिचकीने चित्र जात-येत असेल किंवा उजेड कमी-जास्त होत असेल, तर तो सुटलेला डाख आहे; तसे झाल्यास इथे कळवा आणि तोवर संच बंद ठेवा.